हातचा एक

गेल्या जूनमधल्या एका रविवारी सकाळी, मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टार्निट या उपनगरातल्या एका मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून मी एक खोटी रेघ ओढली. रेघ जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची होती. मांडीवर क्लिपबोर्ड, त्यावर चौदा वर्षांखालच्या मुलांच्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल संघाची यादी, आणि प्रत्येक नावापुढे किक, हँडबॉल (मुठीने ठोसून दिलेला चेंडू), मार्क (किकचा झेल) आणि टॅकल (चेंडू असलेल्याची पकड) असे चार रकाने. जो जे करील त्याच्या नावापुढे एक उभी रेघ ओढायची आणि पाचवी आधीच्या चारांवर आडवी मारायची, एवढेच माझे काम. दवाने गवत इतके भिजलेले होते की बुटांतून मोजे ओले झाले होते, गारठ्याने बोटांत पेन धरवत नव्हते, आणि मागच्या शेगडीवर परतल्या जाणाऱ्या कांद्याचा वास त्या भलत्या वेळी भूक चाळवत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये माझा मुलगा चेंडू घेऊन धावणाऱ्या एका मुलावर झेपावला, दोघेही घसरले, मध्ये तीन-चार पोरांची भिंत उभी राहिली आणि पुढे काय झाले ते मला नीट दिसले नाही. त्याच्या टॅकलच्या रकान्यात तोवर चार रेघा होत्या. मी पाचवी आडवी मारली आणि जुडी पूर्ण केली.

नीट दिसले नाही, हे पूर्ण खरे नाही. भिंतीच्या पलीकडून तो प्रतिस्पर्धी मुलगा चेंडूसकट बाहेर पडलेला मी पाहिला होता.

परतताना गाडीत माझ्या मुलाने क्लिपबोर्ड मांडीवर ओढून घेतला. आम्ही ११ गुणांनी हरलो होतो, तेव्हा बोलण्यासारखे फारसे नव्हते. गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत तो म्हणाला, “बाबा, टॅकल पाच नव्हते, चार होते. तो पाचवा निसटला. त्यानंच पुढे जाऊन गोल मारला.” मी म्हणालो, मला तसे वाटले. तो म्हणाला, “ठीक आहे,” आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्या ‘ठीक आहे’मध्ये राग नव्हता, तक्रारही नव्हती. एखाद्या वयस्कर माणसाच्या चुकीकडे दुर्लक्ष करताना आपण जो स्वर लावतो, तो स्वर होता, आणि तो मी पुढचे कित्येक दिवस ऐकत राहिलो.

माझा व्यवसाय हिशेबाचा आहे. दुसऱ्यांच्या वह्यांतली अशीच रेघ शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. त्याआधी आमचे अण्णा सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या वह्यांच्या कडा पिवळ्या झालेल्या असत, आणि रात्री जेवताना त्यांच्या बोटांना येणारा हळदीचा वास आमटीच्या वासाहून वेगळा ओळखू येई. बेरीज शिकवताना ते हातचा एक बोटाच्या पेरावर ठेवायला लावत. “हातचा विसरलास की वरची सगळी मांडणी देखणी आणि खोटी,” असे म्हणत. रोजमेळ जुळवताना रुपया कमी पडला तर ते फारसे अस्वस्थ होत नसत; कमी पडला तर आपण भरू, असे त्यांचे म्हणणे असे. रुपया जास्त निघाला की मात्र दुकानाची फळी लागलेली असूनही ते उठत नसत, कारण जास्तीचा रुपया कोणाचा तरी असतो आणि तो कोणाचा ते सापडल्याशिवाय वही मिटता येत नाही. माझ्या मुलाच्या रकान्यात आता असा एक जास्तीचा रुपया पडला होता.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली जी हिशेबनीस अपराधी वाटले की करतो: मी त्या आकड्याची किंमत शोधू लागलो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, ज्याला इथे सगळे नुसते ‘फुटी’ म्हणतात, सामना जिंकण्याशी टॅकलचा संबंध किती, हे मला पाहायचे होते. कबड्डीवर वाढलेल्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. आमच्याकडे पकड झाली की गुण मिळतो, पकड म्हणजेच अर्धा खेळ. फुटीमध्ये टॅकलला फलकावर काहीही मिळत नाही. फार तर पंच चेंडू तुमच्या हाती देतो. आणि ज्याच्याकडे चेंडू आहे तो स्वतः कोणाला टॅकल करूच शकत नाही, हे इतके उघड आहे की ते लक्षात यायला मला तीन हंगाम लागले. टॅकलच्या रकान्यात भरपूर रेघा असलेला संघ बहुधा चेंडूमागे धावणारा संघ असतो. सगळ्या दिवसभर दुसऱ्याच्या अंगावर झेपावून, ओठ फोडून घेऊन, कागदावर शूर दिसणारा आणि संध्याकाळी हरलेला. त्या कागदावर चार रकाने होते, आणि खोटेपणासाठी मी नेमका त्यांतला सर्वांत कमी किमतीचा निवडला होता.

क्रिकेटची स्कोअरबुके भरण्यात माझे बालपण गेले, म्हणून मला वाटायचे की खेळ मोजणे ही सोपी गोष्ट आहे. क्रिकेटमध्ये एका वेळी एकच चेंडू, एकच गोलंदाज, एकच फलंदाज. जे घडते त्याला धनी असतो. इथे अंडाकृती चेंडू, अंडाकृती मैदान, दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू आणि ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे कोणीही कुठेही असू शकतो. चेंडू जमिनीवर आदळला की कोणत्या बाजूला उसळेल हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावे. मध्यभागी पंच चेंडू हवेत टाकतो (२०२५ पर्यंत तो जमिनीवर आपटून उसळवत असे), दोन उंच खेळाडू, ज्यांना ‘रक’ म्हणतात, हवेत झेपावतात, एकाचा पंजा चेंडूला लागतो आणि त्याच्या नावावर एक ‘हिट-आउट’ जमा होतो. पण तो चेंडू पडतो कधी आपल्या माणसापुढे, कधी त्यांच्या. हिट-आउटच्या लांबलचक आकड्यांनी सामन्याबद्दल फार थोडे कळते, म्हणून पुढे ‘आपल्या फायद्याचा हिट-आउट’ वेगळा मोजावा लागला. ‘रिबाउंड फिफ्टी’ हा आणखी एक फसवा आकडा आहे: आपल्या गोलखांबांपासून पन्नास मीटरच्या कमानीतून किती वेळा चेंडू बाहेर काढला, ते तो सांगतो. तो मोठा असला की बचावफळीचे कौतुक होते, आणि मुळात चेंडू इतक्या वेळा आत आलाच कसा, हा प्रश्न बाजूला राहतो. चोर किती वेळा हाकलले यावरून घराचे कुलूप चांगले ठरत नाही.

आई इथे आली होती तेव्हाची गोष्ट. २०२३ च्या सप्टेंबरमधला शेवटचा शनिवार, कॉलिंगवुड आणि ब्रिस्बेन या संघांची ग्रँड फायनल, एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, १,००,०२४ प्रेक्षक आणि वसंतात अवचित पडलेले उन्हाळ्यासारखे ऊन. शेजारच्या घरातले आजोबा जन्मापासून कॉलिंगवुडचे चाहते. त्यांच्या अंगणात सगळ्यांनी टीव्ही पाहायचा ठरला होता. आईने येताना चिवडा नेला होता, तो आजोबांनी बिअरबरोबर संपवला. खेळ संपला तेव्हा फलकावर कॉलिंगवुडचे ९० आणि ब्रिस्बेनचे ८६ होते, आणि आजोबा, ऐंशीच्या घरातला तो माणूस, खुर्चीच्या पाठीला धरून रडत होता. आईने डोळे बारीक करून फलकावरचे लहान आकडे वाचले: १२ गोल १८ बिहाइंड, आणि १३ गोल ८ बिहाइंड. ती मला हळूच म्हणाली, “अरे, हे तर जास्त गोल मारून हरले.” मी तिला समजावले की मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, आणि थोडक्यात चुकून बाजूच्या आखूड खांबांच्या आत गेला तर एक गुण, त्याला बिहाइंड म्हणतात. “म्हणजे चुकल्याचासुद्धा एक गुण?” तिने विचारले. मी हो म्हणालो. “आणि हे अठरा वेळा चुकले म्हणून जिंकले?” यावर मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण वाक्य चूक नव्हते.

खरे म्हणजे ते अठरा वेळा चुकले म्हणून नव्हे, तर तीस वेळा खांबांपर्यंत पोहोचले म्हणून जिंकले. ब्रिस्बेन एकवीस वेळाच पोहोचू शकले. त्या रात्री मला वाटले की मला किल्ली सापडली: मारलेले गोल नव्हेत, गोलाच्या संधी मोजाव्यात. इथल्या आकडेमोडीतही ‘इनसाइड फिफ्टी’, म्हणजे चेंडू किती वेळा समोरच्याच्या कमानीत शिरला, याला मान आहे तो याचसाठी. पण हा समज फार दिवस टिकला नाही, कारण आजोबांनीच मला २००८ ची फायनल सांगितली. जिलाँगचा संघ त्या वर्षी साखळीत एकच सामना हरलेला. फायनलमध्ये त्यांच्या बाजूने चेंडू ३४ वेळा खांबांपलीकडे गेला आणि हॉथॉर्नच्या बाजूने २५ वेळा. गुण मात्र हॉथॉर्नचे ११५ आणि जिलाँगचे ८९. हॉथॉर्नचे १८ गोल आणि ७ बिहाइंड, जिलाँगचे ११ गोल आणि २३ बिहाइंड. त्या तेवीसांतले बरेचसे तर हॉथॉर्नच्या बचावपटूंनी मुद्दाम दिलेले होते. संकटात सापडले की चेंडू स्वतःच आपल्या रेषेपलीकडे ढकलायचा, एक गुण फेकायचा, आणि बदल्यात चेंडू पुन्हा आपल्या ताब्यात घ्यायचा. त्यांनी एका गुणाची खरी किंमत काढली आणि तो सौदा स्वस्त आहे हे ओळखले. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि मुद्दाम असा गुण देणाऱ्याविरुद्ध फ्री किक मिळू लागली. हे ऐकून अण्णांना आनंद झाला असता. रुपया हातचा सोडून व्यवहार जिंकणारे व्यापारी त्यांनी पेठेत पाहिलेले होते.

आजोबांच्या मनातली खरी जखम मात्र १९७० ची आहे. त्या दिवशी एमसीजीवर १,२१,६९६ माणसे होती आणि त्यांत ते स्वतः होते. मध्यंतराला कॉलिंगवुड ४४ गुणांनी पुढे. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी मध्यंतरात आपल्या खेळाडूंना सांगितले की आता काहीही होवो, हँडबॉल करा, म्हणजे एका तळहातावरचा चेंडू दुसऱ्या मुठीने ठोसून शेजारच्याकडे द्या, पळत राहा. बाकावरून टेड हॉपकिन्स नावाचा एक सडपातळ खेळाडू आत आला आणि त्याने उरलेल्या वेळात चार गोल मारले. कार्लटन १११, कॉलिंगवुड १०१. खांबांपलीकडे गेलेले चेंडू मोजले तर इथेही हरणाऱ्यांचे जास्त आहेत, ३१ विरुद्ध २६. मला या कथेतला पुढचा भाग अधिक आवडतो. हा हॉपकिन्स त्यानंतर फारसा खेळलाच नाही; तो कविता लिहू लागला, पुस्तके छापू लागला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्याने ‘चॅम्पियन डेटा’ ही संस्था काढली, जी आज या खेळातली प्रत्येक किक, प्रत्येक झेल आणि प्रत्येक चूक अधिकृतपणे मोजते. ज्याची सगळी कीर्ती एका दुपारच्या चार आकड्यांवर उभी आहे, त्याच माणसाला पुढे आकडे अपुरे वाटावेत आणि आणखी काय काय मोजता येईल याचा ध्यास लागावा, यात मला काही विसंगत दिसत नाही. ते चार गोल त्याच्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

इथल्या अभ्यासकांनी २०१३ आणि २०१४ या हंगामांचे सामने घेऊन, कोणत्या आकड्यांवरून निकाल सर्वांत चांगला ओळखता येतो हे तपासले होते. दोन आकडे वर आले: प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत किती किक जास्त, आणि खांबांकडे मारलेल्या चेंडूंपैकी किती गोल झाले. दुसऱ्याचे महत्त्व तर २००८ ची फायनल सांगतेच. पहिल्याने मात्र मला गुंतवून ठेवले, कारण लाथेने मारलेला चेंडू चाळीस-पन्नास मीटर जातो आणि हँडबॉल फार तर दहा-बारा, म्हणून किक करणारा संघ पुढे सरकतो, हे ठीक. पण ज्याच्या अंगावर कोणी नाही त्यालाच नीट किक करता येते, आणि चौघांच्या गराड्यात सापडलेला माणूस हँडबॉल करून सुटका करून घेतो. मग किकमुळे संघ जिंकतो, की जिंकत असल्यामुळे त्याला किक करायला सवड मिळते? आघाडी घेतलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू आपसांत खेळवत वेळ काढतो, तेव्हा त्याच्या किकांचा आकडा फुगतो, आणि त्या फुगलेल्या आकड्याला आपण उद्या कारण म्हणून मिरवतो. सौदे फार झाले म्हणून भाव चढला, की भाव चढला म्हणून सौदे फार झाले, हा वाद पेठेत मी रोज संध्याकाळी ऐकत असे, आणि तो कधी मिटलेला मला आठवत नाही.

शिवाय रिचमंड आहे. २०१७ साली सदतीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवणारा तो संघ, ज्याने अंतिम सामन्यात ॲडलेडला १०८ विरुद्ध ६० असे हरवले. चेंडू जवळ बाळगून सुबक खेळण्यात त्यांना रस नव्हता. त्यांचे बुटके, चपळ आघाडीपटू समोरच्या बचावफळीवर असे तुटून पडत की घाईघाईत चुकीची किक व्हावी, आणि ती चूक जिथे झाली तिथूनच गोल मारावा. तेव्हापासून टीव्हीवर ‘प्रेशर’चा आकडा सतत ऐकू येतो. त्यात नुसता टॅकल नाही; पाठलाग, जवळ जाऊन भिडणे, नुसती वाट अडवून उभे राहणे, या सगळ्यांना कमी-अधिक वजन देऊन बेरीज केली जाते. त्या बेरजेत पकड यशस्वी होण्याची अट नाही. हे वाचले त्या रात्री मी, कबूल करायला हरकत नाही, थोडा सुखावलो. या मापाने पाहिले तर माझ्या मुलाचा निसटलेला पाचवा टॅकलही कशात तरी धरला गेला असता, म्हणजे माझी रेघ अगदीच खोटी नव्हती, नुसती चुकीच्या रकान्यात पडली होती. हिशेबनीसाला असे युक्तिवाद फार लवकर सुचतात. दुसऱ्या दिवशी जेवताना मी तो त्याला ऐकवला. त्याने वरणभात कालवणे न थांबवता विचारले, “पण गोल झाला ना?”

मग मी प्रशिक्षकांना निरोप पाठवला की माझ्या मुलाचे, म्हणजे २३ क्रमांकाचे, टॅकल पाच नव्हे, चार धरावेत. हे गृहस्थ आठवडाभर प्लंबिंगचे काम करतात आणि रविवारी पहाटे सहाला मैदानावर शंकू मांडत असतात. त्यांनी संध्याकाळी फोनच केला. माझे आभार मानले आणि मोकळेपणाने सांगितले की टॅकलचा रकाना ते कधी वाचतच नाहीत. पहिल्या क्वार्टरमधल्या किका पाहतात, आणि चेंडू मधल्या पट्ट्यातून सरळ किती वेळा आत शिरला ते डोक्यात ठेवतात. “मग तो रकाना कशासाठी?” मी विचारले. ते क्षणभर थांबले. ज्या मुलांपर्यंत चेंडू फारसा पोहोचत नाही, त्यांच्या नावापुढेही कागदावर काहीतरी असावे म्हणून, ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, आणि बोलून गेल्यावर त्यांनाही ते जाणवले असावे, कारण लगेच त्यांनी माझ्या मुलाच्या पळण्याचे जरा जास्तच कौतुक केले. फोन ठेवल्यावर मी तो कागद पुन्हा काढून पाहिला. किक दोन, हँडबॉल तीन, मार्क शून्य, टॅकल पाच. पाचाभोवती मी आधीच वर्तुळ काढले होते. ती आडवी रेघ काढताना मलाही नेमके हेच हवे होते, हे तेव्हा पहिल्यांदा कळले. त्या प्रशिक्षकांनी मात्र ते रकाना आखून, सर्वांसाठी आणि उघडपणे केले होते.

मुलाला हे फोनवरचे बोलणे मी सांगितले नाही. त्याने ते भिंतीआडून ऐकले की नाही, हे मला ठाऊक नाही. पुढच्या शनिवारी रात्री मी नवा कागद क्लिपबोर्डला लावत होतो, तेव्हा तो आला, माझ्या हातातले पेन घेतले, आणि टॅकलच्या उजवीकडे फूटपट्टीशिवाय एक पाचवा रकाना आखला. वर त्याने देवनागरीत लिहिले, ‘निसटले’. शनिवारच्या मराठी शाळेत शिकलेली त्याची अक्षरे अजून ओळीवर बसत नाहीत. ‘स’ला ‘ट’ चिकटला होता. सगळ्यांसाठी भरायचा का, असे मी विचारले. “नाही, फक्त माझ्यासाठी,” तो म्हणाला.

रविवारी पाऊस होता. कागदावर प्लास्टिक धरून, त्याच्याखाली पेन सरकवत मी लिहीत होतो, आणि निसटलेल्याची रेघ ओढणे किती जड जाते हे अनुभवत होतो. कोणी पाहत नसताना हात आपोआप आखडतो. मध्यंतराला सगळी मुले संत्र्याच्या फोडींकडे धावली. तो फोड तोंडात धरून, केसांतून पाणी गाळत, आधी माझ्याकडे आला आणि वाकून कागद पाहू लागला. त्या रकान्यात दोन रेघा होत्या.

“तीन,” तो म्हणाला. “पहिल्या क्वार्टरमध्ये तिकडच्या कोपऱ्यात. तुला दिसला नसेल.”

मी तिसरी रेघ ओढली.